नैराश्य आणि 'डोकं चालत नाही': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, नारायणबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगर. इंदूरच्या मराठी घरांतून आमच्याकडे हे प्रश्न येत राहतात. बरेचदा विचारणारा 'शेजारच्या एका काकूंबद्दल' विचारत असतो आणि दोन वाक्यांनंतर त्या काकू स्वतःच बोलू लागतात. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, फक्त ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. हे वाचून स्वतःचं निदान करू नका, औषधं तर मुळीच बदलू नका.

१. डिप्रेशन म्हणजे मन उदास असणं ना? मग माझं डोकं का चालेनासं झालंय?

उदासी हे नैराश्याचं एक लक्षण आहे, एकमेव नाही. निदानासाठी जी नऊ लक्षणं बघतात, त्यांत 'विचार करणं, लक्ष लावणं अवघड जाणं किंवा निर्णय न घेता येणं' हे स्वतंत्र लक्षण आहे. नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज हवीत, त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं हवं. दवाखान्यात भरून घेतात त्या 'पीएचक्यू-९' प्रश्नावलीतला सातवा प्रश्न याबद्दलच आहे: पेपर वाचताना, टीव्ही बघताना लक्ष लागत नाही का? काही जणांना उदासी जाणवतही नाही. ते 'हल्ली फार विसरायला होतं' एवढीच तक्रार घेऊन येतात.

२. नेमकं काय काय बिघडतं?

चार गोष्टी मुख्य. लक्ष टिकत नाही, म्हणजे पेपरातली तीच ओळ तीनदा वाचावी लागते. वेग मंदावतो, समोरच्याचं बोलणं संपतं आणि आपण अजून त्याच्या पहिल्या वाक्यावर असतो. मनात धरून ठेवायची जागा आकसते, ओटीपी बघून टाइप करेपर्यंत आकडे निसटतात. आणि चौथं, आखणी. कुठून सुरुवात करायची, आधी काय, नंतर काय, हे जुळत नाही. आमच्या मते घरात सगळ्यात जास्त गैरसमज या चौथ्यामुळे होतात. बाईंना पुरणपोळी लाटता येते, हाताची सवय कुठे जात नाही. पण दहा पाहुण्यांचा स्वयंपाक म्हटलं की त्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहतात. बघणाऱ्याला वाटतं, 'येतं सगळं, करायचं नाही.'

भाषा, ओळखीचे रस्ते, जुनी कौशल्यं सहसा शाबूत राहतात. ती जायला लागली तर गोष्ट वेगळी (प्रश्न ९ पाहा).

३. मला कालचं बोलणं आठवत नाही. स्मरणशक्ती गेली का?

बरेचदा ते बोलणं आत शिरलेलंच नसतं. नैराश्यात मन त्याच त्या विचारांभोवती फिरत राहतं: माझंच चुकलं, पुढे काय होणार, लोक काय म्हणत असतील. या घोळण्यात लक्षाचा मोठा हिस्सा खर्च होतो, नव्या गोष्टीसाठी फारसा उरत नाही. जे नीट ऐकलंच नाही, ते आठवणार कुठून? म्हणूनच थोडी खूण दिली की पुष्कळदा आठवतं. 'वहिनींचा फोन आला होता, पुण्याहून' एवढं म्हटलं की बाकीचं आपोआप येतं.

मोडलेली झोप यात भर घालते. दिवसभरातलं शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं फार दिसतं.

४. आमचे हे म्हणतात, 'मोबाइल बघताना बरं लक्ष लागतं. मनावर घेतलंस तर सगळं जमेल.' खरं आहे का?

नाही. रील बघायला काही धरून ठेवावं लागत नाही, ठरवावं लागत नाही, चुकलं तरी बिघडत नाही. बँकेचा फॉर्म भरायला हे सगळं लागतं. दोन्ही कामांना 'लक्ष' म्हणतात म्हणून ती सारखी होत नाहीत. दुसरं असं की नैराश्यात मेहनतीच्या शेवटी काही चांगलं मिळेल ही ओढच ओसरते, त्यामुळे अवघड काम हातात घ्यायलाच जास्त जोर लावावा लागतो. बाहेरून हे आळसासारखं दिसतं. आळशी माणसाला काम टाळून बरं वाटतं. या माणसाला काम राहिल्याबद्दल रात्रभर अपराधी वाटतं. 'हे' हा परिच्छेद स्वतः वाचतील तर फार बरं.

५. मेंदू खराब होतोय का? एमआरआय काढून घेऊ?

वारंवार किंवा दीर्घकाळ नैराश्य असलेल्या लोकांच्या गटात स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार सरासरीने किंचित लहान आढळतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. पण तो फरक गटांची सरासरी काढल्यावर दिसणारा आहे. एका माणसाचा एमआरआय बघून 'याला नैराश्य आहे' असं कुणी सांगू शकत नाही. तरुण माणसाला, इतर काही खूण नसताना, नुसत्या विसरण्यासाठी एमआरआयची सहसा गरज नसते. उतारवयात पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, चालण्यात बदल, एका बाजूचा अशक्तपणा, फिट, डोक्याला मार, यांपैकी काही असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतील.

६. मग आधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

साध्याच. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, व्हिटॅमिन बी-१२, साखर. वय जास्त असेल तर सोडियमही. थायरॉइड मंदावलं की उदासी, सुस्ती आणि विसराळूपणा तिन्ही येतात, म्हणजे हुबेहूब नैराश्यासारखंच दिसतं. बी-१२ प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं. आपल्याकडे अनेक घरं पूर्ण शाकाहारी आणि त्यात दूध-दह्याचं प्रमाणही बेताचं, त्यामुळे कमतरता पुष्कळ सापडते. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. रात्री जोरात घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का हे विचारा. दारूचं खरं प्रमाण डॉक्टरांना सांगा, घरच्यांना बाहेर बसवून सांगायचं असेल तर तसं.

बी-१२ कमी निघालं म्हणजे नैराश्य नाही असं मात्र ठरत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि इंजेक्शनं झाली की उपचार संपला असं समजून लोक पुढे येतच नाहीत.

७. गोळ्या सुरू केल्यापासून डोकं जड आहे. बंद करू का?

एकदम बंद करू नका. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं असे त्रास होतात, आणि मूळ आजार उलटण्याचा धोका असतो तो वेगळाच.

पण तक्रार खोटी नाही. झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी आठवण आणि वेग दोन्ही मंदावतात. थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी मेडिकलवरून परत परत आणून वर्षानुवर्षं चालू राहते, हे इथे सर्रास आहे. अॅमिट्रिप्टिलिनसारखं जुनं औषध, सर्दीच्या काही गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं यांनीही वयस्कर लोकांना गोंधळल्यासारखं होतं. आणखी एक: एसएसआरआय या, नैराश्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गटाच्या गोळ्यांनी वृद्धांमध्ये, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुरू केल्यावर काही दिवसांतच आजी भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या तर त्याच दिवशी दाखवा.

सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, काढा आणि चूर्णसुद्धा. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: 'यातलं काय कमी करता येईल आणि कसं?'

८. मूड सुधारला, रडणं थांबलं, पण डोकं पूर्वीसारखं नाही. असं किती दिवस?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचं उत्तर घरच्यांनी जास्त वाचावं.

औषधांचा परिणाम साधारण चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतो. झोप, भूक आणि चेहरा आधी सुधारतात. लक्ष, वेग आणि आखणी मागाहून येतात, कधी काही महिन्यांनी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक अभ्यास एकत्र केले होते. उदासी गेलेल्या लोकांतही लक्ष आणि आखणी यांतला मध्यम प्रमाणाचा उणेपणा शिल्लक दिसला. सगळ्यांतच नाही, पण दुर्लक्ष करावं इतक्या थोड्यांतही नाही.

नेमक्या याच टप्प्यावर घर घाई करतं. माणूस हसायला लागला, सराफ्यात रात्री गराडू खाऊन आला, म्हणजे बरा झाला. मग रजा संपवा, जीएसटीचे हिशेब परत त्याच्याकडे, गणपतीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. त्याला ते झेपत नाही, आणि आता 'आजारी आहे' ही सबबही उरलेली नसते. मग त्याला वाटतं, आजार गेला, म्हणजे हे राहिलेलं ते मीच. आमच्या पाहण्यात माणसं पुन्हा ढासळतात ती बरेचदा इथे.

म्हणून डॉक्टरांना नुसतं 'बरं वाटतंय' सांगू नका. 'रडू येत नाही, पण एक पान सलग वाचता येत नाही' असं सांगा. उरलेली लक्षणं हा उपचार पुढे नेण्याचा मुद्दा असतो. डोस, औषधाची निवड, झोप, मानसोपचार, यांतलं काहीतरी बदलता येतं. व्होर्टिऑक्सेटिन या औषधाने वेगाच्या चाचणीतले गुण काहीसे वाढल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून ते प्रत्येकासाठी योग्य ठरत नाही, आणि फरकही माफकच आहे.

९. आई ७२ वर्षांच्या आहेत. बाबा गेल्यापासून सगळं विसरतात. डिमेन्शिया की डिप्रेशन?

घरी बसून ठरवता येणार नाही, पण काय बघायचं ते सांगता येतं. नैराश्यातलं विसरणं बहुधा काही आठवड्यांत वाढलेलं असतं. घरच्यांना 'अमुक महिन्यापासून' असं सांगता येतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत उमगतो. नैराश्यातला माणूस स्वतः तक्रार करतो, प्रश्नाला 'मला नाही आठवत' म्हणून सोडून देतो. डिमेन्शियातला बरेचदा काहीतरी उत्तर जुळवून देतो आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणतो. तक्रार सूनबाई करतात. ओळखीच्या गल्लीत चुकणं, वस्तूचं नाव न सुचणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं आणि खूण देऊनही न आठवणं, हे डिमेन्शियाकडे जास्त झुकतं.

१९६१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ लेस्ली किलो यांनी डिमेन्शियासारख्या दिसणाऱ्या, पण उपचारांनी बऱ्या होणाऱ्या अशा अवस्थांवर लिहिलं. तेव्हापासून डॉक्टर उतारवयातल्या नैराश्याचा विचार आवर्जून करतात. 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देण्यात आपण बरा होणारा आजार घरात ठेवतो.

आणि नवरा गेल्याचं दुःख हे दुःखच असतं. प्रत्येक वेळी त्याला आजाराचं नाव द्यायची गरज नाही. जेवण सुटलं, अंघोळ सुटली, 'मलाही घेऊन जा' असं घोकणं सुरू झालं, तर थांबू नका.

१०. उपचारांनी आईचं विसरणं कमी झालं. म्हणजे डिमेन्शियाची भीती गेली?

आत्ता डिमेन्शिया नव्हता, एवढं समजा. उतारवयात पहिल्यांदा येणारं नैराश्य हे काहींच्या बाबतीत पुढच्या डिमेन्शियाची सुरुवात असतं, आणि ज्यांचं विसरणं नैराश्यात फार ठळक होतं त्यांत पुढे धोका जास्त दिसतो. म्हणून वर्षातून एकदा तरी स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. बीपी, साखर आणि ऐकू येणं, तिन्हींकडे लक्ष ठेवा. कानाचं यंत्र कपाटात पडून असेल तर ते आजच बाहेर काढा.

११. चाचणी कोणत्या भाषेत द्यावी? आईंचं शिक्षण मराठीत, पण बाहेरचं सगळं हिंदीत.

इंदुरी प्रश्न, आणि महत्त्वाचा. ज्या भाषेत हिशोब करतात, देवाशी बोलतात, त्या भाषेत. आईंचा पाढा 'बे एके बे' असेल तर वजाबाकीही मराठीतच विचारायला हवी. बऱ्याच छोट्या चाचण्या हिंदीत आणि मराठीतही उपलब्ध आहेत. मराठी येणारं कुणी नसेल तर तसं रिपोर्टवर लिहून घ्या. शाळेची वर्षंही खरी सांगा, कारण काही चाचण्यांत कमी शिक्षणासाठी गुण धरून निकाल लावतात. घरच्या कुणी मागे बसून उत्तरं सुचवू नयेत. मोह होतो, आम्हाला माहीत आहे.

१२. चाचणीत सगळं नॉर्मल आलं. मग मला त्रास होतो तो खोटा?

खोटा नाही. स्वतःला जाणवणारा त्रास आणि चाचणीतले गुण यांचा मेळ नैराश्यात बरेचदा बसत नाही. शांत खोलीत, पंधरा मिनिटं, समोर एकच माणूस असताना पुष्कळांना जमतं. दुकानात गिऱ्हाईक, फोन आणि पोरगं एकदम बोलतात तेव्हा जमत नाही. शिवाय छोट्या चाचण्या डिमेन्शिया पकडण्यासाठी बनवल्या आहेत. पूर्वी फार हुशार असलेल्या माणसाची घसरण त्यांत दिसतच नाही. सविस्तर चाचणी हवी असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना विचारा. उलटही घडतं: नैराश्यात माणूस स्वतःला फार कमी लेखतो आणि ठीक चाललेलं कामही त्याला वाया गेलेलं दिसतं.

१३. लग्नातलं, मुलांच्या लहानपणचं मला काहीच ठळक आठवत नाही. असं का?

१९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या संशोधकांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना खुणेचे शब्द देऊन एखादा विशिष्ट प्रसंग सांगायला लावला. ते प्रसंगाऐवजी ढोबळ उत्तरं देत. 'आनंद' म्हटल्यावर 'आजोळी जायचो तेव्हा' असं, पण कुठला दिवस, काय झालं, ते नाही. हेच पुढे नैराश्यातही पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे तुमचं आयुष्य कोरडं गेलं असा याचा अर्थ काढू नका. फोटो समोर ठेवून, एकेका तपशिलावर बोलत राहिलं तर प्रसंग उलगडतात; काही मानसोपचारांत याचा सरावच करून घेतात.

१४. मुलगा भंवरकुआँला राहून एमपीपीएससी या स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. म्हणतो, वाचलेलं राहतच नाही. तास वाढवू का?

तास वाढवू नका, आधी मुलाला भेटा. झोपतो का, जेवतो का, मित्रांत जातो का? पूर्वी राहत होतं आणि गेल्या काही महिन्यांत राहीनासं झालं असेल तर नैराश्याचा विचार करायला हवा. लहानपणापासूनच, शाळेतही, लक्ष टिकत नव्हतं असं असेल तर तो वेगळा प्रश्न, एडीएचडीचा. तेही डॉक्टरांना सांगा. मरणाचा विषय निघाला, सामान वाटून टाकू लागला, निरोपाचे मेसेज आले, तर त्याला एकटं ठेवू नका आणि परीक्षेचा विचार बाजूला ठेवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

१५. शंखपुष्पी, ब्राह्मी, भिजवलेले बदाम, ब्रेन गेमचं अॅप?

बदाम खा, चांगले असतात. नैराश्यातल्या विसरण्यावर तो उपचार नव्हे. शंखपुष्पी घेणाऱ्याला फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याची पातळी उतरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना न सांगता नको. अॅपमधल्या खेळाने त्या खेळात हात बसतो. रोजच्या कामात फरक पडतोच असं नाही. तज्ज्ञासोबत केलेला बौद्धिक सराव वेगळा, त्याचे काही फायदे दिसले आहेत.

१६. मग रोज काय करू?

चाला. मेघदूत किंवा नेहरू पार्कची फेरी, दम लागेल इतक्या वेगाने. उठण्याची वेळ एकच ठेवा, झोपण्याची जुळत नसली तरी. एका वेळी एकच काम, आणि कामाचा पहिला तुकडा हास्यास्पद वाटेल इतका लहान: 'आयटीआर भरणे' नव्हे, 'फॉर्म १६ टेबलावर ठेवणे'. लक्षात ठेवायचं ते डोक्यात ठेवू नका. एक वही, एकच, दाराजवळ. पुष्कळांना सकाळ जड जाते, त्यांनी अवघड काम दुपारनंतर ठेवावं. घरच्यांनी तीन निरोप एकदम न सांगता एक सांगावा आणि 'लक्षात आहे ना?' असं तासातासाला विचारू नये.

१७. ऑफिसात काय सांगू?

निदान सांगणं बंधनकारक आहे असं धरून चालू नका. 'आजारातून उठतोय, काही आठवडे सूचना लेखी द्या आणि एका वेळी एकच फाइल' एवढ्याने बरंच भागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण त्याचं प्रमाणपत्र दीर्घकाळ आणि ठळक अडचण असेल तरच मिळतं. विमा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शारीरिक आजारांना लागू असलेल्याच आधारावर मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पॉलिसीतल्या अटी वाचा.

१८. जुना वाडा विकायचा आहे, सह्या हव्या आहेत. काकांना नैराश्य आहे, चालेल?

नैराश्य आहे म्हणून सहीचा हक्क जात नाही. पण नैराश्यात सगळं भविष्य काळं दिसतं, आणि 'होऊ दे एकदाचं' म्हणून माणूस सही करतो. थांबता येत असेल तर थांबा: घर विकणं, राजीनामा, घटस्फोट, मृत्युपत्र बदलणं. थांबता येत नसेल तर डॉक्टरांचं मत लेखी घ्या आणि काकांच्या बाजूचा स्वतंत्र वकील ठेवा. घाई नेमकी कुणाला आहे, तेही बघा.

१९. शॉक दिल्यावर आठवण जाते म्हणतात. भावाला सुचवलाय.

हा शॉक, म्हणजे ईसीटी, तीव्र नैराश्यात, विशेषतः माणूस जेवायचा थांबलाय किंवा जीव द्यायच्या विचारात आहे अशा वेळी, फार गुणकारी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही. उपचारांच्या दिवसांत गोंधळ होतो, नवं लक्षात राहत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ही घसरण पहिल्या तीन दिवसांत दिसली. दोन आठवड्यांनंतर अनेक चाचण्यांत रुग्ण उपचारांपूर्वीपेक्षा बरे होते. मात्र उपचारांच्या आधीच्या काही आठवडे-महिन्यांतल्या आठवणी पुसट होऊ शकतात, आणि काहींच्या त्या परत येत नाहीत. हे आधीच विचारून घ्या. डोक्याच्या एकाच बाजूने देण्याच्या पद्धतीत हा त्रास कमी असतो. पासवर्ड आणि बँकेचे तपशील सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवा.

२०. गाडी चालवू का?

नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला, तर पहिले काही दिवस नको. झोपेची गोळी रात्री उशिरा घेतली असेल तर सकाळीही नको. सिग्नल उशिरा लक्षात येत असेल तर सिटी बस बरी.

२१. इंदुरात सरकारी सोय कुठे आहे?

एम. वाय. रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि बाणगंगेला मानसिक चिकित्सालय. बाणगंगेचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते. ओपीडीत दाखवायला गेलेला माणूस दाखवून घरी येतो, एवढं त्या कुजबुजणाऱ्यांना सांगा. सोबत प्रश्न ६ मधले रिपोर्ट आणि प्रश्न ७ मधली पिशवी न्या.

२२. मधेच काही दिवस माझं डोकं उलट फार वेगाने चालतं, झोपही लागत नाही, थकवाही येत नाही. हे चांगलंच ना?

डॉक्टरांना सांगायला हवं, आणि पुढच्या भेटीची वाट न बघता. कमी झोपूनही ताजंतवानं वाटणं, एकामागून एक बेत, वारेमाप खर्च, बोलणं न थांबणं, हे सलग काही दिवस राहिलं असेल तर आजार नुसत्या नैराश्याचा नसून बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिवेग आणणारा, असू शकतो. तिथे औषधांची आखणीच बदलते, आणि नुसती नैराश्याची गोळी हा वेग आणखी वाढवू शकते. असे दिवस स्वतःला आजारासारखे वाटत नाहीत, म्हणून बरोबर कुणाला तरी न्या. ते दिवस कधी सुरू झाले, किती टिकले आणि रोज किती तास झोप झाली, हे घरच्यांच्या आठवणीतून लिहून काढा. तुमच्या आणि त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहा.